मूल्यऱ्हासाची तक्रार आणि पहिली रांग

महोदय,

तरुण मंडळी चर्चपासून का दुरावतात, यावर आपल्या अंकात चाललेली चर्चा वाचतो आहे. बहुतेकांचा सूर एकच: मोबाइल, चंगळवाद आणि बाहेरच्या जगाने मूल्ये नासवली, चर्च बिचारे एकाकी झुंजते आहे. मला हे पटत नाही. बाजाराच्या रीतीला चर्चमध्ये घुसखोरी करावी लागलेली नाही. आपणच तिला मानाने आत नेऊन पहिल्या रांगेत बसवले. आणि पहिल्या रांगेत म्हणजे अगदी शब्दशः.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेतील कितीतरी चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात. ज्याचे पैसे जास्त त्याला मोक्याचे बाक, कधी तर दार लावता येणारे. गरिबाने मागे नाहीतर सज्जात बसायचे. रंगावरूनही जागा ठरत. अमेरिकेत फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज या मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना प्रार्थना संपायच्या आत उठवायला लोक धावले, कारण ते नेमून दिलेल्या जागी नव्हते. ते सगळे तिथून बाहेर पडले. त्यांच्यापैकीच रिचर्ड अ‍ॅलन यांनी १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन केले. पुढे १८६० मध्ये फ्री मेथडिस्ट चर्च निघाले, तेव्हा गुलामगिरीला आणि बाकांच्या भाड्याला विरोध हे दोन्ही मुद्दे बरोबरीने मांडले गेले. या लोकांनी चर्च सोडले ते शुभवर्तमान, म्हणजे येशूची शिकवण, मनावर घेतले म्हणून. आजच्या गळतीवर बोलताना हे कोणी आठवत नाही.

दुखणे त्याहूनही जुने आहे. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडून पाहावा. सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत आणि मळक्या कपड्यांतला गरीब सभेत येतात. एकाला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला ‘तिथे उभा राहा’ म्हणून सांगतात. करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ एकत्र जेवण्याच्या वेळी काही जण आधीच खाऊन-पिऊन मोकळे होत आणि काही उपाशी राहत, म्हणून प्रेषित पौलाने त्यांना खडसावले. तेव्हा ना दूरचित्रवाणी होती ना समाजमाध्यमे.

आज भाडे गेले, पण मोठ्या सणाच्या उपासनेला पुढच्या खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या दिसतात. (वृद्ध आणि आजाऱ्यांसाठी जागा राखायला माझी हरकत नाही, चिठ्ठ्या त्यांच्या नावाच्या नसतात.) त्याहून वाईट ते प्रवचन, ज्यात श्रद्धा पक्की असेल तर पैसा आणि आरोग्य मिळणारच, असे छातीठोकपणे सांगितले जाते. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या बाईने ते ऐकून काय समजायचे? दुखणे तर आहेच, वर श्रद्धा कच्ची असल्याचा ठपका. ज्याला वधस्तंभावर मारले त्याच्या नावाने हे सांगायला जीभ रेटते तरी कशी, हे मला उमगलेले नाही.

नियमांची वानवा नाही. कॅथॉलिक चर्चची १९८३ ची धर्मसंहिता घ्या. बाप्तिस्मा, विवाह अशा संस्कारांसाठी धर्मगुरूंनी ठरलेल्या अर्पणापलीकडे काही मागू नये आणि गरिबीमुळे कोणी संस्कारांना मुकू नये, असे कलम ८४८ सांगते. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामाला (एका चर्चच्या हद्दीतील भाविकांच्या समूहाला) अर्थविषयक समिती असलीच पाहिजे, आणि भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७ मध्ये आहे. जुलै २०२० मध्ये व्हॅटिकनने धर्मग्रामांविषयी काढलेल्या सूचनापत्रातही मिस्सेचे (कॅथॉलिक उपासनेसाठी दिलेले) अर्पण म्हणजे किंमत किंवा शुल्क नव्हे, हे पुन्हा बजावले.

चर्च चालवायला पैसा लागतो, हे कोणी सांगायला नको. विजेचे बिल आहे, छताची गळती आहे, सेवकांचे पगार आहेत. देणाऱ्याने हात सैल सोडून द्यावे. त्या देण्यातून मान आणि जागा विकत मिळू लागली की माझी तक्रार सुरू होते.

तरुण हिशेब विचारतात तेव्हा त्यांची श्रद्धा उणी पडली, असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक ज्याला चर्चशी काही देणेघेणे उरले नाही, तो वार्षिक सभेत हात वर करत बसत नाही, घरी झोपतो.

म्हणून चर्चेत भाग घेणाऱ्या धर्मगुरूंना आणि पाळकांना माझे दोनच प्रश्न आहेत. गेल्या वर्षीचा जमाखर्च मंडळीसमोर वाचला गेला का? आणि विवाहाचा किंवा अंत्यविधीचा खर्च झेपत नसेल त्याने कोणाला भेटावे, हे आपल्या चर्चच्या फलकावर लिहिले आहे का? उत्तरे आपल्या अंकात छापून आली तर आनंद होईल.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक