साहेब, आधी कॅसेट कॉपी करून घ्या, बाकीचं नंतर ठरवू

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी सांगलीचा. नव्वदच्या दशकात इथे आमचा चौघांचा बँड होता, त्यात मी बेस वाजवायचो. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हे पत्र एका बँडसाठी नाही, घरोघरी पडलेल्या अशा सगळ्या कॅसेट वाचवण्यासाठी आहे. त्या काळात कोल्हापूर, नाशिक, नागपूर, सोलापूर, जिथे जिथे इंजिनिअरिंग कॉलेज आणि गॅदरिंग होतं तिथे तिथे चार पोरं एक ड्रमसेट भाड्याने आणून काहीतरी वाजवत होतीच. बहुतेक जण इंग्लिश कव्हर वाजवायचे. पण काहींनी स्वतःची गाणी केली आणि ती मराठीत केली. आम्ही पण केली, एसटी स्टँडवरच्या रात्रीवर, ऊसतोडीच्या टोळ्यांवर, मिरजेच्या रेल्वे जंक्शनवर. एक कॅसेट कंपनीवाला ऐकून म्हणाला की चांगलंय पण हे विकणार कुठल्या रॅकवर, लोकगीत आहे का भक्तिगीत आहे का भावगीत आहे. झालं, गाणी राहिली ती राहिलीच.

2019 चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. गावभागात आमच्या गिटारिस्टचं घर आहे, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात आमच्या सगळ्या कॅसेट होत्या, 18. पाणी उतरल्यावर घरच्यांनी त्या गाद्यांबरोबर रस्त्यावर काढून ठेवल्या होत्या, महापालिकेचा ट्रॅक्टर येण्याआधी मी पोचलो म्हणून हाताला लागल्या.

मग शोधत शोधत शिकलो. कॅसेटचे पाच स्क्रू काढायचे, आतलं रीळ गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं त्या डिस्टिल्ड पाण्यात हळूच हलवून गाळ काढायचा, सावलीत वाळवायचं, उन्हात अजिबात नाही, मग दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवायचं आणि एकदाच वाजवायचं, आणि त्या एकदाच वाजवण्यात कॉम्प्युटरवर घ्यायचं, कारण दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नसते. 18 पैकी 7 वाजल्या. बाकीच्यांचा तपकिरी थर बोटाला लागून येत होता. टेप म्हणजे काय तर प्लास्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साईडची पूड एका गोंदासारख्या थराने चिकटवलेली असते, आपल्याकडच्या दमट हवेत तो थर पाणी धरतो, बुरशी येते, पट्ट्या एकमेकींना चिकटतात. पूर यायलाच लागतो असं नाही हो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कपाटांत दर पावसाळ्यात हेच चाललेलं असतं, फक्त हळू.

आता एक गोष्ट सांगतो जी कुणी सांगत नाही आणि जिच्यामुळे किती रेकॉर्डिंग कचऱ्यात गेली असतील याचा विचार करून मला झोप येत नाही. आमच्यासारखी पोरं फोर-ट्रॅक मशीनवर भरायची, म्हणजे एकाच टेपवर चार वेगळे आवाज शेजारी शेजारी भरणारं मशीन. दिसायला साधीच कॅसेट, पण हे मशीन चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतं आणि बरीचशी मशीनं दुप्पट वेगाने भरतात. अशी कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरवर लावली तर निम्म्या वेगाने, घोगरी, आणि बी साइडला तर चक्क उलटी वाजते. आई-वडिलांना, बायकोला, पोरांना वाटतं ही खराब झाली, आणि टाकून देतात. ती खराब नसते. ती वाजवायला फक्त तेच मशीन लागतं, आणि आता ते कुणाच्यातरी माळ्यावर बेल्ट गळून पडलेल्या अवस्थेत असतं.

तुम्ही म्हणाल की गाणी चांगली असती तर टिकली असती. मला हे मान्य नाही. चरणजीत सिंग नावाचे वादक मुंबईत राहायचे, 1982 मध्ये त्यांनी सिंथेसायझरवर दहा रागांची एक रेकॉर्ड काढली, तेव्हा ती कुणी फारशी विचारली नाही. 2010 मध्ये एका डच माणसाने ती परत काढली आणि जगभर लोक चकित झाले की असलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत मुंबईत एवढ्या आधी झालं होतं. म्हातारपणी ते परदेशात जाऊन वाजवून आले. पण लक्षात घ्या, ती रेकॉर्ड निघालेली होती, छापलेली होती, म्हणून शोधणाऱ्याला एखादी प्रत तरी सापडली. जे कधी निघालंच नाही त्याची जगात एकच प्रत असते. ती कुठल्यातरी खणात असते आणि त्या घरात तिची किंमत कुणाला माहीत नसते.

न निघालेलं कसं वाचतं त्याचंही उदाहरण आहे, आणि ते सरकारी आहे म्हणून तुम्हाला सांगतोय. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईनमध्ये 1969 मध्ये मूग कंपनीचा सिंथेसायझर आणून एक इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ उभा केला होता, डेव्हिड ट्यूडर हे अमेरिकन संगीतकार आले होते त्यासाठी. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर अशा लोकांनी तिथे काय काय करून बघितलं. सगळं स्पूलवर, म्हणजे मोठ्या रिळाच्या टेपवर, राहिलं आणि लोक विसरले. पण संस्थेने ती स्पूल्स टाकली नाहीत. पुढे पॉल पर्गस नावाच्या ब्रिटिश संगीतकाराला ती तिथेच सापडली आणि 2023 मध्ये, म्हणजे पन्नासेक वर्षांनी, लोकांना ऐकायला मिळाली. तिथे कुणी ठरवत बसलं नव्हतं की हे थोर आहे का. ठेवलं होतं एवढंच.

आमच्या पोरांच्या पाठीमागे अशी कुठली संस्था होती? सिनेमासाठी पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे. पुस्तकासाठी 1954 चा कायदा आहे, प्रकाशकाला देशातल्या चार ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते, त्यातलं एक आपल्या मुंबईत आहे. आवाजासाठी असा कायदा नाही. शास्त्रीय संगीताचे काही संग्रह आहेत, ते करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण गावातल्या बँडची डेमो कॅसेट घेऊन गेलं तर ती कुठल्या खात्यात मोडते हेच कुणाला ठरवता येत नाही. मी एका सरकारी ऑफिसात विचारून बघितलंय. चांगला माणूस होता, चहा पाजला, म्हणाला यासाठी आमच्याकडे रकाना नाहीये.

इंटरनेटवर टाकलं म्हणजे सुटलो असंही नाही. मायस्पेस नावाच्या वेबसाइटवर 2003 ते 2015 मध्ये लोकांनी चढवलेली 5 कोटींहून जास्त गाणी सर्व्हर बदलताना गेली, 2019 मध्ये ते जाहीर झालं. नंतर कुणीतरी साठवून ठेवलेली पाचेक लाख तेवढी परत मिळाली. 2000 नंतरच्या पोरांकडे तर कॅसेट पण नाही, सीडीवर राइट केलेलं नाहीतर जुन्या हार्ड डिस्कवर, आणि ते कॅसेटपेक्षाही लवकर मरू शकतं.

तर माझी मागणी. महोत्सव नको, पुरस्कार नको, मानधनाचा विषय पण आत्ता नको. राज्यात 6 महसुली विभाग आहेत, प्रत्येक विभागात एका शासकीय ग्रंथालयात एक खोली द्या. तिथे दोन चांगले कॅसेट डेक, एक फोर-ट्रॅक, एक स्पूल मशीन, एक कॉम्प्युटर, आणि ही मशीनं दुरुस्त करणारा एक माणूस, जो आज प्रत्येक शहरात साठीच्या पुढचा आहे आणि रिकामा बसलाय. तो जायच्या आत त्याच्या हाताखाली दोन पोरं द्या, हे मला मशीनपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. जागेचा तर प्रश्नच नाही, तासाभराची कॅसेट 96 किलोहर्ट्झ 24 बिट अशा वरच्या दर्जात घेतली तर साधारण 2 जीबी होते, म्हणजे साडेनऊशेच्या वर तास 2 टीबीच्या डिस्कवर मावतात. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या तरी तो खर्च तुमच्या एका कार्यक्रमाच्या मांडवाएवढा नसेल.

कायद्याची भीती घालणारे भेटतील. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये हे घातलेलंच आहे, की ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तर जतनासाठी ते तिची डिजिटल कॉपी ठेवू शकतं. म्हणजे ग्रंथालयाने आधी कॅसेट जमा करून घ्यायला पाहिजे, रीतसर पावती देऊन. घरच्यांना एक कॉपी पेन ड्राइव्हवर लगेच द्या, ते आनंदाने मूळ कॅसेट देतील. लोकांना ऐकवायची वेळ आली की मग परवानग्या, आणि ज्याचा मालक सापडतच नाही त्याच्यासाठी कलम 31अ मध्ये लायसन्सचा रस्ता आहे. चार जणांचा बँड, एक दुबईत, एक वारला, एक बोलत नाही, अशी अवस्था असते हो, त्या सह्यांची वाट बघत कॉपी थांबवली तर टेप थांबणार नाहीये.

आणि फक्त गिटारवाल्यांच्या घेऊ नका. लालबाग-परळच्या बँजो पार्ट्या, तालुक्याच्या गावचे ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम, ज्यांनी ज्यांनी समोर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलंय त्या सगळ्यांच्या घ्या. काय चांगलं काय वाईट ते नंतर येणारे ठरवतील, निवड समिती नेमलीत तर समितीचं ठरेपर्यंत अजून दोन पावसाळे जातील.

आमच्या 7 कॅसेटपैकी एक सांगून थांबतो. मिरजेत ड्रमरच्या काकांच्या धान्याच्या गोदामात भरलेली आहे. आधी पोत्यांवर कुणीतरी बसल्याचा आवाज येतो, आमचा गायक म्हणतो "पटकन घ्या, लाईट जाईल", आणि गाणं सुरू होतं. दुसऱ्या कडव्यात खरंच लाईट जाते. मशीनची मोटर मंदावत थांबली, त्यामुळे आज ती टेप सरळ वेगाने लावली की गायकाचा आवाज वर वर चढत जातो, बारीक होतो आणि तुटतो. तो गायक 2021 मध्ये कोविडमध्ये गेला. त्या गाण्याची दुसरी टेप त्या न वाजलेल्या 11 मध्ये होती.

तुम्ही वेळ द्या, मी फोर-ट्रॅक आणि कॅसेट घेऊन मंत्रालयात येतो. बेल्ट नवीन टाकलाय, चालतंय.

आपला,
सांगलीचा एक बेसवाला