बाळ झालं म्हणून शाळा सुटू नये

महोदय,

गेल्या मार्चमध्ये माण तालुक्यातल्या एका दहावीच्या केंद्राबाहेर, कडुनिंबाखाली एक आजी चार महिन्यांचं नातवंड मांडीवर घेऊन बसली होती. पेपर सुटला तशी सतरा-अठरा वर्षांची पोर धावतच फाटकाबाहेर आली. पदराआड आधी बाळाला पाजलं, मग मला म्हणाली, "बाई, एक प्रमेय राहिलंच."

सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावलं. बालविवाहाचा २००६ चा कायदा गावात कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. पुढं शाळेनंही "इतर मुलींवर परिणाम होईल" म्हणून तिला परत घेतलं नाही. शिक्षा मात्र तिनंच भोगायची! शेवटी शाळेत न जाता परीक्षा देता येते तो १७ नंबरचा फॉर्म भरून ती दहावीला बाहेरून बसली.

पण नुसत्या फॉर्मनं भागत नाही. अंगणवाडीत मूल तीन वर्षांचं झाल्यावर बसतं. तोवर त्याला कुणी सांभाळायचं? हिला आई होती, सगळ्यांना नसते. ग्रामपंचायतीनं पाळणाघर चालवलं, शाळेनं दूध पाजायला एक खोली दिली, तर अशा कितीतरी मुली पुढं आयटीआयपर्यंत जातील, स्वतःच्या पायावर उभ्या राहतील. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यात आहे. 'कमवा आणि शिका' सांगणाऱ्या कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची सुरुवातही इथंच, काले गावात केली.

यंदा १७ नंबरचे अर्ज सुटतील तेव्हा आशाताईंनी आपल्या नोंदवहीतल्या अशा प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन ही सोय सांगावी, एवढी विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, दहिवडी (जि. सातारा)