एजंटचा कार्यक्रम बाजूला ठेवा

पोर्ट लुई, मॉरिशस

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न.

एजंटने दिलेल्या कार्यक्रमाचा फोटो मिळाला. वाचून हसू आलं. दक्षिणेच्या एकाच दिवसात ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, शामारेल, आणि वर जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना! बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब आहे हे खरं, पण तिकडचे रस्ते घाटाचे आहेत आणि आईला गाडी लागते. कारखाना म्हणजे शेवटी दुकानच, तेव्हा तो आधी कापा.

पहिला दिवस पोर्ट लुईसाठी ठेवा. एजंटच्या कागदावर आप्रवासी घाटाचं नावच नाही, आणि मला विचाराल तर इथे सगळ्यात आधी पाहायची जागा तीच. इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. पहिली तुकडी 1834 च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅटलास’ जहाजातून आली, आणि पुढे 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं. बहुतेक बिहार आणि तमिळ मुलखातली, पण मुंबई बंदरातून चढलेली आपली कोकणातली, साताऱ्याकडचीही होती. बंदरालगत काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून वर यायचा, मग त्याला नंबर मिळायचा. पायऱ्या इतक्या साध्या आहेत की पाटी नसती तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. 2006 मध्ये युनेस्कोने हा घाट जागतिक वारशात घेतला. बाबा, शेजारचं संग्रहालय तुम्ही निवांत वाचत बसाल, म्हणून दुपारपर्यंत दुसरं काही ठेवलेलं नाही.

जवळच ब्लू पेनी संग्रहालय आहे. 1847 ची मॉरिशसची ती प्रसिद्ध दोन टपाल तिकिटं तिथे आहेत. उजेडाने रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवरचा दिवा ठरावीक वेळीच लागतो, एरवी नकला पाहायच्या. तेव्हा आत गेल्या गेल्या वेळ विचारून घ्या. डोडोचा सांगाडा पाहायला निसर्ग-इतिहास संग्रहालयातही डोकावू. डोडो सतराव्या शतकातच संपला, पण टी-शर्टांवर अजून जिवंत आहे.

जेवायला बाजारात धोल पुरी खाऊ. चण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, आत बीन्सची भाजी, लोणचं आणि मिरचीची चटणी. कागदात गुंडाळून देतात आणि नेहमी जोडीनेच. आई, चटणी आधी बोटावर घेऊन बघ, मग हो म्हण.

गंगा तलावाला सकाळी लवकर निघू. उंचावरच्या विवरात साठलेलं पाणी आहे ते. खाली किनाऱ्यावर घाम आणि तिथे धुकं, त्यामुळे आईची शाल हवीच. 33 मीटर उंच शंकराची मूर्ती दुरूनच दिसते, बडोद्याच्या सूरसागरातल्या मूर्तीसारखी. महाशिवरात्रीला लोक बेटाच्या कानाकोपऱ्यातून कावड घेऊन पायी येतात. माकडं मात्र धीट आहेत, प्रसाद पिशवीत झाकून ठेवा.

शामारेलची सात रंगांची माती थोडी अतिगाजलेली आहे. फोटोतून मैदान वाटतं, प्रत्यक्षात कुंपणातल्या काही टेकड्या. ज्वालामुखीचा खडक झिजून माती झाली आणि त्यातल्या लोहामुळे तांबडे-जांभळे पट्टे पडले, एवढंच. ऊन पडलं तर रंग उठून दिसतात, ढग असले तर नुसती लाल माती. शेजारचा धबधबा मला जास्त आवडला.

परतताना ल मोर्नचा डोंगर खालूनच पाहू. पळालेले गुलाम त्याच्या कड्यांत लपून राहायचे, म्हणून तोही जागतिक वारशात आहे. तिथला ‘पाण्याखालचा धबधबा’ हेलिकॉप्टरमधूनच दिसतो आणि तो खरा धबधबा नाहीच, उतारावरून घसरणाऱ्या वाळूचा भास आहे. त्यासाठी पैसे घालवू नका.

समुद्राची भीती बाळगू नका. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचा कडा आहे, लाटा दूर तिथेच फुटतात आणि आतलं पाणी शांत असतं. ‘ब्लू बे’ किनाऱ्यावर तळाशी काच असलेली होडी मिळते, पोहता न येणाऱ्यालाही त्यातून प्रवाळ आणि मासे दिसतात. पाण्यात उतरायचंच झालं तर रबरी बूट घालायचे, तळाशी काटेरी समुद्री साळू असतात. इल ओ सेर बेटावर पॅराशूटने उडवतात. बाबा, तुमचा रक्तदाब बघता ते मी करीन, तुम्ही फोटो काढा.

जानेवारी ते मार्च वादळांचा काळ, तो टाळा. ऑक्टोबर बरा. सुट्टी आत्ताच मागावी लागेल, म्हणून तिकिटं काढायच्या आधी तारखा कळवा. येताना मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी आणा, दोन्ही नीट सील करून.

आपला,
बंड्या