दोन चौकोनी कंसांसाठी आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

परळच्या आमच्या कार्यालयात तुम्ही जेमतेम अर्धा तास बसलात आणि चहाही न घेता लोकल पकडायला निघालात. आभार मानायचे राहून गेले ते मनाला लागून आहे. दोन ओळींच्या मेसेजवर भागवण्यासारखं हे ऋण नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

काम ऐकायला किरकोळ होतं. शेल म्हणजे संगणकाला लिहून आज्ञा देण्याचा प्रोग्राम. त्याच्या स्क्रिप्टने, म्हणजे आज्ञांच्या फाइलने, सभासदांच्या यादीतली एकेक ओळ तोडायची आणि तिचे चार तुकडे चार व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यांमध्ये, भरायचे: क्रमांक, नाव, शेरा, पिनकोड. यादीत या तुकड्यांच्या मध्ये उभी रेघ. तुमच्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी एकेक तयार ओळ पाठवली आणि "चिकटवा, चालेल" म्हणून विषय संपवला. का चालेल, कुठे चालेल, हे कोणीही सांगितलं नाही.

एकाने एको या छापणाऱ्या आज्ञेचा निकाल पाइपमधून, म्हणजे दोन आज्ञा जोडणाऱ्या नळीतून, रीड या वाचणाऱ्या आज्ञेला दिला होता. त्याच्या मॅकवर ते चालतं, आमच्या सर्व्हरवर चारही व्हेरिएबल रिकामी. तुम्ही एका वाक्यात उलगडलंत: बॅश हा शेल पाइपमधला प्रत्येक तुकडा वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या प्रतीत, चालवतो, रीड व्हेरिएबल भरतं खरं, पण सबशेल संपला की भरलेलंही त्याच्याबरोबर जातं. मॅकवर २०१९ पासून झी-शेल हा मूळ शेल आहे आणि तो शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालवतो. दुसऱ्याने अवतरणचिन्हांशिवाय $ओळ (ओळ या व्हेरिएबलमधला मजकूर) लिहून सेट या आज्ञेला दिली होती. अवतरणाबाहेरच्या * चा अर्थ शेल 'सगळ्या फाइली' असा घेतो. शेऱ्याच्या रकान्यात ज्यांच्यापुढे नुसता * होता, त्यांच्या ओळीत फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं येऊन बसली. तिसऱ्याने आयएफएस (ओळ कुठल्या चिन्हावर तोडायची ते ठरवणारा व्हेरिएबल) स्क्रिप्टच्या डोक्यावरच बदलून ठेवला होता, त्यामुळे खालचे भलतेच लूप (पुन्हा पुन्हा चालणारे भाग) बिघडले.

तुम्ही आधी स्क्रिप्टची पहिली ओळ वाचलीत. स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते ती सांगते. तिथे नुसतं एसएच होतं. उबुंटू लिनक्सवर २००६ पासून त्या नावामागे डॅश हा बॅशहून साधा शेल असतो, त्याला मजकूर थेट आज्ञेला देणारी बॅशची खूण <<< कळत नाही. ती ओळ बॅशची केलीत आणि मग लूपमध्ये एवढंच लिहवून घेतलंत:

आयएफएस='|' रीड -आर क्रमांक नाव शेरा पिन

आयएफएसला नवी किंमत दिली ती रीडच्याच ओळीत, त्याच्या आधी, म्हणून बदललेला आयएफएस त्या एका आज्ञेपुरता. -आर नसेल तर रीड उलटी तिरकी रेघ गिळून टाकतं. आणि तुकडे व्हेरिएबलपेक्षा जास्त झाले तर उरलेलं सगळं, मधल्या रेघांसकट, शेवटच्या व्हेरिएबलमध्ये जातं.

पण हे पत्र ज्यासाठी लिहितो आहोत ते यानंतरचं. पिनकोड पडद्यावर ४०००२८ दिसत होता आणि ४०००२८ शी तुलना केली की जुळत नव्हता. यावर याआधी मिळालेले सल्ले "पुन्हा टाइप करा" आणि "मशीन बंद करून चालू करा" असे होते. तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. तो आमच्याकडच्या सगळ्यांत नव्या मुलीकडे सरकवलात आणि म्हणालात, "दोन्ही बाजूंना चौकोनी कंस घालून छाप, आणि मला वाचून दाखव."

पडद्यावर आलं: ]४०००२८

बंद होणारा कंस सुरुवातीला, आणि उघडणारा गायब. तुम्ही गप्प राहिलात. तिनेच थोड्या वेळाने ओळखलं की पिनकोडला कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह चिकटलेलं आहे. यादी विंडोजवर सेव्ह झालेली. तिथे ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड (नवी ओळ) अशी दोन चिन्हं असतात, रीड त्यांतलं फक्त लाइनफीड काढतं. उरलेलं शेवटच्या व्हेरिएबलला लटकतं, छापताना कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेतं आणि बंद कंस उघड्या कंसावर उमटतो. टक्क्याचं चिन्ह वापरून शेवटचं ते एक अक्षर छाटलं की तुलना जुळली. उत्तर तुम्हाला बसल्या क्षणी माहीत असणार. ते तिला सापडू दिलंत, आणि चार जणांसमोर तिची शोभा होऊ दिली नाहीत. इतका जाणकार माणूस इतका वेळ शांत बसतो, हे आमच्या धंद्यात फार कमी पाहायला मिळतं.

त्या कंसांनीच पुढचंही दाखवलं. टॅबने तोडलेल्या जुन्या यादीत शेरा रिकामा असला की पिनकोड एक घर डावीकडे सरकत होता आणि शेवटी नुसतं [] उरत होतं. टॅब आयएफएसच्या लेखी रिकामी जागाच, त्यामुळे लागून आलेले दोन टॅब एकच धरले जातात. लागून आलेल्या दोन उभ्या रेघांमधलं रिकामं घर मात्र शाबूत राहतं. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर रीड ती ओळ वाचूनही अपयशाचा निकाल देतं आणि लूप शेवटच्या सभासदाला गाळतो, म्हणून ओळ रिकामी नाही ना ही तपासणी जोडली. तारीख तोडून आलेल्या ०८ आणि ०९ वर गणित केलं की बॅश ते अष्टमान (फक्त ० ते ७ हे अंक वापरणारे) आकडे समजून चूक दाखवतो. म्हणून आकड्याच्या आधी, हा दशमान आहे असं सांगणारं १०# लावलं.

आणि पत्त्यांची स्वल्पविरामवाली फाइल पाहिल्यावर, जिथे "खोली क्र. ४, दुसरा मजला" अवतरणात एकाच रकान्यात आहे, तुम्ही सरळ सांगितलंत की हे शेलचं काम नाही, रीडला अवतरणं समजत नाहीत, पायथन या भाषेचं सीएसव्ही (अशा स्वल्पविरामवाल्या फाइली वाचणारं) मॉड्यूल घ्या. आपलं हत्यार कुठे थांबतं हे सांगायला मोठं मन लागतं. यापूर्वीच्या कोणीही आमच्यासमोर "हे याने होणार नाही" असं म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी काहीतरी करून दिलं आणि ते महिनाअखेरीला फुटलं.

तुमचे कंस आम्ही पुसलेले नाहीत. तपासणीचा पर्याय देऊन स्क्रिप्ट चालवली की चारही व्हेरिएबल कंसात छापली जातात. त्या ओळीच्या वर त्या मुलीने टीप लिहून ठेवली आहे: "ताईंनी सांगितलेलं. काढू नये."

आपले,
परळच्या कार्यालयातील सर्वजण