ब्रेमेनच्या वहिनींना, पुण्याहून : एक जाहीर आभारपत्र

पुणे, फेब्रुवारी २०२५

आदरणीय वहिनी,
सा. न. वि. वि.

आभाराचे पत्र खरे तर खासगी असावे, आणि माझ्या मित्राला, म्हणजे तुमच्या यजमानांना, मी ते तसे पाठवलेही आहे. तुम्हांला मात्र जाहीरपणे लिहीत आहे, त्याला कारण आहे. पुण्यात आमच्या ओळखीत आता असे घर विरळाच, ज्यातले कोणी ना कोणी जर्मनीत, अमेरिकेत किंवा सिंगापुरात राहत नाही. आणि त्यांच्याकडे सुटीत राहून आलेली मंडळीही तितकीच आहेत. परत आल्यावर ही मंडळी बर्फाविषयी, रेल्वेविषयी आणि चर्चच्या मनोऱ्यांविषयी भरभरून बोलतात. ज्या घरात ती राहिली, जेवली, ज्या घराच्या एकुलत्या एका न्हाणीघरापुढे रोज सकाळी ताटकळली, त्या घरातल्या बाईने त्यासाठी काय काय केले, हे त्या वर्णनांत सहसा येत नाही. निमंत्रण मित्र देतो आणि ते निभावते त्याची बायको, हा आपल्याकडचा जुना रिवाज परदेशातही फारसा बदललेला नाही. म्हणून हे पत्र तुमच्या नावे.

गेल्या डिसेंबरात आम्ही जर्मनीत, ब्रेमेनला तुमच्याकडे राहायला आलो; तुमच्या कामाची सुरुवात आम्ही निघण्याच्या कितीतरी आधी झाली होती. मला आणि माझ्या पत्नीला व्हिसासाठी स्वतःचे उत्पन्न दाखवता आले, पण आईच्या नावावर तसे काही नव्हते. तेव्हा तिच्यासाठी तुम्ही तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ घेऊन, पगाराच्या पावत्या आणि घराचा भाडेकरार घेऊन गेलात आणि हमीपत्रावर सही केलीत. त्या कागदाचे शुल्क २९ युरो असते, हे मला नंतर कळले. त्याचा अर्थ काय असतो, हे मात्र तो कागद वाचला तेव्हाच कळले होते. पाहुण्याच्या राहण्याजेवण्याचा, आजारपणाचा, प्रसंगी परत पाठवण्याचाही खर्च हमी देणाऱ्याकडून सरकार वसूल करू शकते. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाला, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो आणि तो आम्ही काढलाच होता, पण विम्याच्या पलीकडचे सारे तुमच्या सहीने तुमच्यावर आले होते. पुण्यात आपण शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना दहा वेळा विचार करतो. तुम्ही हे काम दुपारच्या सुटीत उरकून, "झाले, आता काकूंची गरम मोजे घेण्याची तयारी करा," एवढाच निरोप पाठवलात.

त्यापाठोपाठ सामानाची यादी आली. बहुतेकांच्या याद्यांत काय आणावे ते असते. तुमच्या यादीत काय आणू नये ते आधी होते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे, साजूक तूप आणि श्रीखंडाच्या वड्या बाद. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि बाकरवडी चालतील. त्याखाली, वेगळ्या शाईने लिहावे तसे, आईसाठी लिहिले होते : कापसाची वस्त्रे, हळदकुंकू, सुपाऱ्या, महालक्ष्मीच्या व्रताची पोथी आणि लक्ष्मी रस्त्यावरून खणाचे कापड. मार्गशीर्षातले गुरुवार आई चाळीसएक वर्षे करीत आली आहे आणि या वर्षी ते मोडणार म्हणून ती मनातून खट्टू होती. तिने ते कोणाला सांगितले नव्हते. तुम्ही पंचांग पाहून ओळखलेत, आणि आमचे तिकीट ठरले तेव्हाच "शेवटचे दोन गुरुवार आपल्याकडे होतील," असे तिला फोनवर सांगितलेत. बाबांनी थंडीचे कारण सांगून प्रवास टाळला होता. आईही टाळण्याच्या बेतात होती, ती त्या एका वाक्याने तयार झाली.

आम्ही डिसेंबरच्या मध्यास पोहोचलो तेव्हा तुमच्या जेवणाच्या टेबलावर हिरव्या डहाळ्यांचे ते गोल चक्र होते आणि त्यावरच्या चारांपैकी तीन मेणबत्त्या पेटवून झाल्या होत्या. नाताळाच्या आधीचे चार रविवार तिकडे अ‍ॅडव्हेंटचे म्हणून पाळतात आणि दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते, हे तुमच्या धाकट्याने आईला समजावून सांगितले. आईने लगेच हिशोब मांडला : त्यांचे चार रविवार, आपले चार गुरुवार. गेल्या वर्षी मार्गशीर्ष २ डिसेंबरला लागला आणि त्यांचा पहिला रविवार १ डिसेंबरला होता, म्हणजे दोन्ही व्रते जवळजवळ हातात हात घालूनच निघाली होती. नाताळापर्यंत रोज एक खिडकी उघडून आतला खाऊ घ्यायचा, असे चोवीस खिडक्यांचे कॅलेंडर तिकडे मुलांना देतात; माझ्या मुलीसाठी तुम्ही ते विकत न आणता उरलेल्या दिवसांपुरत्या कापडी पिशव्या शिवून दोरीवर टांगल्या होत्या; ती अजून त्यांविषयी बोलते.

पण खरी परीक्षा घटाची होती. कलशात घालायला पाच झाडांची पाने हवीत, आणि उत्तर जर्मनीत डिसेंबरात झाडे उघडीबोडकी असतात. सकाळी साडेआठनंतर उजाडायचे आणि चारच्या सुमारास पुन्हा काळोख, त्यात दिवसा पाऊस. तुम्ही आदल्या दिवशी कामावरून येताना आईला सोबत घेऊन अंगणात गेलात आणि हिवाळ्यातही हिरवी राहणारी झाडे तिला एकेक करून दाखवलीत : फरची डहाळी, आयव्हीचा वेल, काटेरी पानांची होली, कुंडीतले लॉरेल, आणि ज्याची ब्रेमेनमध्ये मोठी बागच आहे ते ऱ्होडोडेंड्रॉन. यातले ऱ्होडोडेंड्रॉनचे पान आणि होलीची फळे विषारी असतात, तेव्हा ही पाने फक्त कलशात, नैवेद्याच्या ताटाजवळ नकोत, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलेत. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, पाच झाडे झाली, लक्ष्मीला थंडी कळते. घट कुठे मांडायचा हेही तुम्ही आधीच ठरवून ठेवले होते. खोलीच्या मध्यभागी छताला धुराचा इशारा देणारे यंत्र होते, म्हणून बाल्कनीच्या दाराशी चौरंग, उदबत्ती एकच, आणि आरती संपताच दार उघडून हवा खेळती करायची. मी परदेशातल्या काही मराठी घरांतल्या पूजा पाहिल्या आहेत. त्यांत बहुधा दोन टोके असतात : एकीकडे सगळे पुण्यासारखेच झाले पाहिजे म्हणून जिवाचा आटापिटा, दुसरीकडे इथे कुठे जमते म्हणून सोडून देणे. तुम्ही आधी आईला विचारलेत की यात काय चुकवून चालणार नाही, आणि बाकीच्याला तिथले रूप दिलेत. नाताळाच्या बाबतीतही तुमचे हेच धोरण दिसले, आणि मला वाटते की तुमच्या घरातला सण देखाव्यासारखा वाटत नाही तो यामुळेच.

२२ डिसेंबरला, चौथ्या रविवारी, आईला ताप भरला आणि खोकल्याने ती हैराण झाली. जर्मनीत रविवारी दवाखाने बंद, औषधांची दुकानेही बंद. मी मोबाइलवर काहीबाही शोधत बसलो असताना तुम्ही ११६११७ या क्रमांकावर फोन लावला होता. जिवावर बेतलेले नसेल तेव्हा, डॉक्टरांच्या वेळेबाहेर, देशभर हाच क्रमांक लावायचा असतो. गंभीर प्रसंगी ११२. त्या रविवारी कामावर असलेल्या डॉक्टरांकडे तुम्ही आईला घेऊन गेलात, तिचे मराठी आणि त्यांचे जर्मन यांच्यामध्ये तासभर उभ्या राहिलात, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे तुम्ही आधीच कागदावर लिहून ठेवली होती. मग त्या रविवारी ज्या दुकानाची पाळी होती ते शोधून औषधे आणलीत. अशा वेळी अडीच युरो जादा आकारतात, एवढेच. डॉक्टरांचे बिल निदानासह मागून घेतलेत, त्यामुळे पुण्यात आल्यावर विम्याचे पैसे विनासायास मिळाले. परदेशी राहणाऱ्या मित्रांकडे आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी या परिच्छेदातले दोन क्रमांक लिहून ठेवावेत. बाकी पत्र वाचले नाही तरी चालेल.

या सगळ्यात तुमची नोकरी चालूच होती आणि दुकानांचे वेळापत्रक डोक्यावर होते. रविवार बंद, २४ तारखेला दुपारी दुकाने मिटणार, २५ आणि २६ दोन्ही दिवस सुटी. म्हणजे आठ माणसांचे दूध, भाजी, पाव, आईच्या उपासाचे, मुलांच्या आवडीचे, सारे त्या एका सोमवारी आणायचे. त्या दिवशी तुमच्यासोबत मी पिशव्या उचलायला आलो होतो, म्हणून मला माहीत आहे. रिकाम्या बाटल्या यंत्रात घालून त्यांची ठेव परत घेण्याच्या रांगेतसुद्धा तुम्ही यादीवर खुणा करीत होतात.

नाताळाच्या पूर्वसंध्येविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्या रात्रीचे कौतुक सगळेच करतात. उत्तर जर्मनीत त्या रात्री अनेक घरांत साधे बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज असते, हे ऐकून माझ्या पत्नीला नवल वाटले होते. तुम्ही सॅलडाचे दोन वाडगे केलेत, एक बिनअंड्याचे. मुलांनी भेटी उघडल्या आणि आपण सारे पायी सेंट पेत्री कॅथेड्रलकडे गेलो. नगरभवनासमोर १४०४ सालापासून उभा असलेला दगडी रोलांड पाहून आईने, हा कोणता देव, असे विचारले आणि तुमच्या थोरल्याने तो देव नसून शहराच्या स्वातंत्र्याचा राखणदार आहे असे सांगितले. तरी तिने नमस्कार केलाच.

शेवटचा गुरुवार २६ डिसेंबरला आला, म्हणजे नाताळाची दुसरी सुटी, आणि त्याच दिवशी सफला एकादशी. पुण्यात असा योग आला की उद्यापन करावे की नाही, नैवेद्याला काय करावे, यावर घरोघर फोन होतात. तुम्ही वाद वाढवला नाहीत. नैवेद्य फळांचा आणि खिचडीचा. साबुदाणा तुम्ही भारतीय दुकानातून आधीच मागवून ठेवला होता, कारण जवळच्या आशियाई दुकानात मिळतो तो भिजवला की चिकट लगदा होतो. हळदीकुंकवाला तुम्ही कार्यालयातल्या दोघी, धाकट्याच्या मित्राची पोलिश आई, समोरच्या तुर्की वहिनी आणि खालच्या मजल्यावरच्या आजी यांना बोलावलेत. आजी मूळच्या पूर्व फ्रिसलंडच्या, म्हणजे जर्मनीच्या वायव्य किनाऱ्याकडच्या. आठवडाभरापूर्वी त्यांनी आईला त्यांच्या पद्धतीचा चहा पाजला होता. पेल्यात खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर कडक चहा ओतला की तो तडकतो, वरून सायीचे बोट, आणि ढवळायचे नाही. तीन पेले होईपर्यंत सुटका नाही. पुरे झाला हे चमचा पेल्यात ठेवून सांगायचे असते. ते न कळल्याने आई पाच पेले प्यायली आणि दोघींची गट्टी जमली.

आजींचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. हे आईला माहीत होते, तुम्हांलाही. बोलावण्यापूर्वी तुम्ही आईला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन स्पष्ट विचारलेत, आणि त्यांना बोलावल्याशिवाय माझ्या घरी हळदीकुंकू होणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे, आवाज न चढवता सांगितलेत. मी दारातून ऐकत होतो. आमच्या घरात हा विषय अनेकदा निघाला आणि दर वेळी भांडणाने संपला आहे. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग संध्याकाळी तिने पहिले कुंकू आजींना लावले, खणाची पिशवी आणि सफरचंद त्यांच्या हाती दिले, आणि नंतर इतरांकडे वळली. पुण्यात परतल्यावर तिने हे स्वतःहून आमच्या सोसायटीतल्या बायकांना सांगितले आहे. त्यावर काय चर्चा झाली ते तुम्हांला फोनवर सांगेन. ती जाहीर पत्रात लिहिण्याजोगी नाही.

वहिनी, औंधला जाताना ब्रेमेन चौक लागतो. आपल्या दोन शहरांचा स्नेह जुना आहे, म्हणून ते नाव. पूर्वी मी तो सिग्नलच्या वैतागासाठीच ओळखत असे, आता आई रिक्षातून जाताना प्रत्येक वेळी तुमचे नाव काढते.

आता तुमच्या येण्याविषयी. मुलांची उन्हाळी सुटी ऑगस्टच्या मध्याला संपते, म्हणजे यंदा गणपतीला, २७ ऑगस्टला, तुम्हांला येता येणार नाही हे आम्ही पाहिले आहे. पण श्रावण २५ जुलैला लागतो. आईला तुम्हांला शुक्रवारची सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचे आहे आणि १ किंवा ८ ऑगस्ट यांपैकी कोणता शुक्रवार तुम्हांला सोयीचा, ते तिने विचारायला सांगितले आहे. पुरणपोळी नक्की आहे. तूप इथलेच, तेव्हा कोणती बंदी नाही. खालच्या आजींना प्रवास झेपत असेल तर त्यांनाही आणावे. त्यांच्या व्हिसासाठी जे निमंत्रणपत्र लागेल त्यावर या वेळी सही मी करीन. तिकिटांच्या तारखा कळवाव्यात, म्हणजे मुंबईहून पुण्याला आणायला गाडी सांगून ठेवतो.

आपला,
तुमच्या यजमानांचा कॉलेजमधला मित्र,
आई, पत्नी आणि मुलीसह