वचन देवाचं, हात तुमचे

प्रिय ताई,
ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

अभ्यासिकेच्या उद्घाटनाला तुमचं नाव घ्यायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतं. नाव आजही लिहीत नाही, पण काम सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ज्याने चांगलं काम आरंभलं तो ते सिद्धीस नेईल, हे बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन धरून आम्ही निघालो. त्या वचनावर माझा भरवसा होता आणि आहे. पण प्रार्थना संपली की तुम्ही विचारायच्या, “आता भाडेकरार कोण वाचणार?” आणि शेवटी तो तुम्हीच वाचायच्या, एकेक कलम, पेन्सिलीने खुणा करत. काहींना हा अविश्वास वाटला. मला तसं कधीच वाटलं नाही. यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधून घेणाऱ्या नहेम्याने वैऱ्यांची चाहूल लागताच प्रार्थना केली आणि पहाराही बसवला, दोन्ही एकाच वचनात लिहिलंय.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण बहुतेक जण वाचताना ओलांडून जातो, कारण त्यात नुसती नावं आहेत. यरुशलेमेचा तट 52 दिवसांत उभा राहिला, आणि कोणी कुठला भाग बांधला हे तिथे नोंदवलंय. त्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारा आहे, शल्लूम आपल्या मुलींसह आहे. गवंडीकाम त्यातल्या कितीजणांना येत असेल, देव जाणे! यशाचं श्रेय नहेम्या देवालाच देतो, तरी एवढी नावं पुस्तकात राहिली. देवाला मान दिला की माणसांचा कमी होतो, असं मानणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

तुमचा भाग हिशेबाचा. पावती नसेल तर पैसे नाहीत, मग मागणारे पाळकसाहेब का असेनात. निधी आटला त्या महिन्यांत तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. शिल्लक किती ते स्पष्ट सांगितलंत आणि मग आमच्याबरोबर गुडघे टेकलेत. माझा विश्वास त्या आकड्यांनी डळमळला नाही, उलट कशासाठी मागायचं ते नेमकं कळलं.

मनापासून आभार, ताई. आता एक विनंती. युवा संघातल्या दोघी मुली हिशेब शिकायला तयार आहेत. त्यांना तुमच्या हाताखाली घ्याल का?

प्रार्थनेतली तुमची सोबतीण