काका, अर्धं बॉनेट दाखवल्याबद्दल आभार

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "आज टँकर आला का गं?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आपल्या रावेतच्या सोसायटीत काळ्या गाड्या काही कमी नाहीत, आणि दर दिवाळीला रबिंगवर, म्हणजे मशीनने रंग घासून चमकवण्यावर, पैसे घालवणारेही कमी नाहीत. त्यांच्याही नजरेस पडलं तर बरंच.

गाडी जुनी घेतली ती तिच्या रंगावर भाळूनच. पार्किंगच्या सावलीत झकास दिसायची. उन्हात काढली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारख्या गोल गोल रेघा. एका डिटेलिंगवाल्याने त्यावर सिरॅमिक कोटिंगचं पॅकेज सुचवलं होतं. "नाइन एच आहे मॅडम, ओरखडाच पडणार नाही." तुम्ही ते ऐकून हसलात आणि म्हणालात, "शिसपेन्सिलीवर एचबी लिहिलेलं असतं ना, तीच ही मोजपट्टी." नाइन एच म्हणजे कडक पेन्सिल, हिऱ्या-माणकांचा कडकपणा मोजतात ते माप वेगळं. शिवाय कोटिंग पारदर्शक असतं, त्यामुळे खालचं जाळं जसंच्या तसं आत बंद होऊन बसतं. आधी रंग नीट करायचा, कोटिंगबिटिंगचं नंतर बघायचं. माझे त्या दिवशी किती पैसे वाचले ते इथे लिहीत नाही, घरचेही वाचणार आहेत.

पण खरे आभार गेजसाठी. तुमची सगळी नोकरी गाड्यांच्या पेंटशॉपमध्ये गेली, त्यामुळे तुमच्या कपाटात रंगाची जाडी मोजायचं गेज असणं साहजिक होतं. मला मात्र रंग मोजतात हेच नवीन होतं. बॉनेटवर सव्वाशेच्या आसपास मायक्रॉन आले. त्यात पत्र्याला गंजापासून जपणारा खालचा ईडी कोट, प्रायमर, मग काळा रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर, तो जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ थरात. जाळं म्हणजे या थरावरचे बारीक चरे. पॉलिशने ते भरत नाहीत. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, म्हणजे चरा उरत नाही. प्रत्येक वेळी थोडा क्लिअर जातो आणि तो परत येत नाही. "बँकेत ठेव आहे, व्याज शून्य," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा दरवर्षीच्या रबिंगचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला.

मागच्या उजव्या दारावर तेच गेज अडीचशेच्या वर गेलं. विकणाऱ्याने छातीठोकपणे "ओरिजिनल पेंट" सांगितलं होतं! जास्त जाडी म्हणजे घासायला जास्त मोकळीक असं मला वाटणार, हे तुम्ही आधीच ओळखलंत. कारखान्यात क्लिअर एकशेचाळीस अंशांच्या आसपास भाजला जातो, बाहेरच्या गॅरेजच्या बूथमध्ये साठच्या जवळपास. त्यामुळे गॅरेजचा रंग बरेचदा मऊ निघतो, आणि खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) किती भरली आहे ते वरून कळत नाही. त्या दारावर हात हलका ठेवायचा, एवढं ठरलं.

जाळं आलं कुठून, यावर तुमचं उत्तर मला फार आवडलं. रोज पहाटे गाडी पुसणाऱ्या मुलावर मी मनातल्या मनात चिडले होते. तुम्ही म्हणालात, "त्याच्याकडे बादली एक, फडकं एक आणि गाड्या रांगेने. तो दुसरं काय करणार?" बांधकामाची धूळ बसलेल्या गाडीवर ओलं फडकं फिरलं की तीच धूळ रंगावर घासली जाते. पांढऱ्या गाडीवरही हेच होतं, फक्त दिसत नाही. त्याला आता मी काचा आणि चाकंच पुसायला सांगितली आहेत, पैसे तेवढेच. आठवड्यातून एकदा मीच धुते. एक बादली शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची. आधी पाण्याच्या फवाऱ्याने धूळ उतरवायची, मग हातमोजा, वरून खाली, आणि प्रत्येक पॅनलनंतर तो साध्या पाण्यात पिळायचा. भांड्यांचा साबण नाही, कपड्यांची पावडर तर नाहीच. टँकरचं पाणी जड, म्हणून अंगावर वाळू द्यायचं नाही, लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. टिपून, पुसून नव्हे, हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की आता घरातलं ताटही मी टिपते.

धुऊनही रंगाला चिकटून राहिलेली कचकच उचलणाऱ्या क्लेच्या वडीवर फार लिहीत नाही. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून हात फिरवायला लावलात आणि बारीक रवा बोटांना लागला, तेवढ्याने पटलं. वडी जमिनीवर पडली की थेट कचऱ्यात, हा नियमही पाळला.

आणि मग तो रविवार. बॉनेट हाताला गार लागेपर्यंत तुम्ही मशीनला हात लावू दिला नाहीत. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावलीत. कडांवर आणि बॉडीच्या उंच रेघेवरही लावलीत, कारण तिथे रंग सगळ्यात पातळ आणि पॅडचा दाब सगळ्यात जास्त. गॅरेजमधलं गोल फिरणारं मशीन नवख्याच्या हातात रंग जाळतं किंवा उन्हात दिसणाऱ्या लाटा सोडतं, म्हणून तुम्ही तुमचं ड्युअल ॲक्शन दिलंत, जे गोलही फिरतं आणि हलतंही. त्याच्या प्लेटच्या कडेला मार्करने काळी रेघ मारलीत. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय, रेघ थांबली तर मी जास्त दाबतेय. यापेक्षा सोपा मास्तर मला शाळेतही भेटला नव्हता.

सुरुवात सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशने. हरभऱ्याएवढे चार थेंब, हातभर चौकोन, आधी हळू गतीने पसरवायचं, मग गती वाढवून आडवं आणि उभं, सावकाश. माझा हात घाई करत होता आणि तुम्ही "वरणभात गार होत नाहीये" म्हणत होतात. पुसल्यावर पॅडवर पांढरटच मळ होता. "काळा झाला असता तर वर क्लिअरच नाही असं समजायचं," तुम्ही म्हणालात. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून खोटी चमक दाखवतं. मग पट्टी काढलीत आणि मोबाइलचा टॉर्च धरलात. पट्टीच्या डावीकडे जाळं, उजवीकडे नुसता काळा रंग आणि त्यात टॉर्चचा एक स्वच्छ ठिपका. मी ओरडलेच. वॉचमन बघायला आला.

त्याच उजव्या बाजूला तीन-चार रेघा उरल्या होत्या. मी कंपाउंडच्या, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशच्या, बाटलीकडे हात नेला आणि तुम्ही झाकण लावलंत. "राहू दे. त्या फक्त तुला दिसतात." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आता रोज गाडी बघते, पण त्या रेघा कुठे आहेत ते शोधावं लागतं. मागच्या दारावर किल्लीने ओढलेला चरा तर नखाला अडकतो आणि तळाशी राखाडी प्रायमर दिसतो. तो पॉलिशने जाणार नाही हे तुम्ही नख फिरवूनच सांगितलंत. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून रंगाचा कोड शोधून टचअपची बाटली आणली, बारीक ब्रशने पातळ थर दिले. जवळून दिसतो. पत्र्यापर्यंत पाणी जाऊन गंज धरणार नाही, एवढ्यावर आपलं समाधान.

शेवटी सीलंट, म्हणजे रंगावरचं संरक्षण. मला कार्नोबा वॅक्सचा मोह होता, कारण ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं हे मेण काळ्या रंगावर खुलतं म्हणतात. तुम्ही म्हणालात, हौस म्हणून लाव, पण एप्रिलच्या उन्हात तापणाऱ्या बॉनेटवर ते फार टिकत नाही. पावसाळा काढायचा तर सिंथेटिक सीलंट. अगदी पातळ लावलं, धुकट झालं की पुसलं, काळ्या प्लास्टिकला लागू दिलं नाही. पक्ष्याची विष्ठा मात्र सीलंट असलं तरी त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढायची, उन्हात ती रंगात खड्डा करते. आपल्या पार्किंगसमोरच्या वडाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पॅडचेसुद्धा नाहीत. काकूंनी तर त्या रविवारी चहाबरोबर पोह्यांची ताटली खाली पाठवली.

मशीन आणि गेज शनिवारी आणून देते. पॅड कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवलेत. नारिंगी पॅडची कड माझ्याकडून फाटली, त्याच मापाचं नवीन घेतलंय, ते परत करू नका. आणि दोन दारांमधल्या चकचकीत काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर भरपूर चरे आहेत. त्यांना हेच पॉलिश चालेल का, की तिथेही "राहू दे"? शनिवारी सकाळी घरी असाल ना?

आपली,
बी विंगमधली काळ्या गाडीवाली